घरच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स मेमरी किती घ्यावी? आधी प्रोसेसरच्या नावातला ‘एफ’ पाहा

प्रश्न दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून आला आहे. कापसाचे पैसे हाती आले, घरी कॉम्प्युटर घ्यायचा आहे. मुलगी बारावी सायन्सला, मुलगा नववीत आणि त्याला गेमचा नाद. धाकटा भाऊ लग्नाचं शूटिंग करतो, पुढे घरीच मिक्सिंग (व्हिडिओ एडिटिंग) करू म्हणतो. तालुक्याच्या दुकानातून कोटेशन आणलं आहे: आयथ्री-१२१००एफ प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एक स्टिक, २५६ जीबी एसएसडी आणि जीटी ७३० हे ४ जीबीचं (म्हणजे स्वतःची ४ जीबी मेमरी असलेलं) ग्राफिक्स कार्ड. विचारणं एवढंच, “भाऊ, चार जीबी पुरते का? का थोडे पैसे अजून टाकून आठ जीबीचं घेऊ?”

भाऊ, या कोटेशनमधून ते कार्डच काढायला लावा. तुमच्या घरात आज जी कामं होणार आहेत त्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. चारचं नाही, आठचंही नाही. कार्डाचे पैसे रॅममध्ये घाला. भावाचं मिक्सिंग खरंच सुरू होईल तेव्हा कार्ड घ्यायचं, आणि तेव्हा चांगलं घ्यायचं. हे असं का म्हणतो ते नीट सांगतो, कारण दुकानदार तुम्हाला उलट सांगेल आणि तुमच्याकडे उत्तर असलं पाहिजे.

सगळा घोळ त्या प्रोसेसरच्या नावातल्या शेवटच्या ‘एफ’ अक्षरात आहे. इंटेलच्या प्रोसेसरच्या आतच एक छोटं ग्राफिक्स असतं. नावापुढे एफ लागला की ते ग्राफिक्स बंद केलेलं असतं. असा प्रोसेसर थोडा स्वस्त पडतो, पण त्याला बाहेरून कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच दिसत नाही. म्हणून कोटेशनमध्ये एफवाला प्रोसेसर आला की त्याच्या मागे कार्ड येतंच. गिऱ्हाइकाला वाटतं, चार जीबीचं कार्ड मिळून राहिलं, मशीन भारी आहे. एफ नसलेला साधा आयथ्री-१२१०० घेतला तर त्यात यूएचडी ७३० नावाचं ग्राफिक्स मिळतं, आणि दोन प्रोसेसरच्या किमतीतला फरक सहसा त्या कार्डाच्या किमतीपेक्षा कमीच असतो.

“पण ते आतलं ग्राफिक्स कमजोर असते ना?” हे मला रोज कोणी ना कोणी विचारतं. मोठ्या कार्डापुढे कमजोर आहेच. जीटी ७३० पुढे नाही. ही चिप २०१४ ची आहे. एकाच नावाखाली तिचे वेगवेगळे प्रकार निघाले, आणि ४ जीबी लिहिलेलं जे मिळतं ते बहुधा जुन्या डीडीआर३ मेमरीचं असतं. त्यातल्या सगळ्यात हळू प्रकारात मेमरीतून चिपपर्यंत सेकंदाला १४.४ जीबी माहिती जाते. सगळ्यात वेगवान प्रकार धरला तरी ४० जीबी. आता तुमच्या मदरबोर्डवर डीडीआर४-३२०० रॅमच्या दोन स्टिक लावल्या तर त्यांचा मिळून वेग सेकंदाला ५१.२ जीबी होतो. आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. प्रोसेसरही तीच वापरतो, म्हणजे वाटणी होते. तरीही हिशोब कार्डाच्या बाजूनं येत नाही. दहा हजार लिटरची टाकी बांधली आणि खाली अर्ध्या इंचाचा नळ लावला तर टाकीच्या मोठेपणानं ओलीत लवकर होत नाही, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट. यूट्यूबचे व्हिडिओ आज व्हीपी९ आणि एव्ही१ या पद्धतीनं दाबलेले येतात. ते उलगडायची सोय यूएचडी ७३० च्या आत आहे. जीटी ७३० च्या आत नाही, त्यामुळे तो सगळा भार प्रोसेसरवर पडतो. मुलगी दिवसाचे चार तास लेक्चर पाहणार असेल तर हा फरक पंख्याच्या आवाजातसुद्धा ऐकू येईल. आणि त्या पिढीच्या बहुतेक कार्डांसाठी गेमचे नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) २०२१ मध्येच थांबले. इतकं जुनं कार्ड आज नव्या मशीनमध्ये टाकणं मला पटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. मेमरी जाते कुठे?

स्क्रीनवर चित्र दाखवायला ती फार कमी लागते. तुमचा मॉनिटर फुल एचडी, म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. गुणाकार केला की २०,७३,६०० ठिपके. प्रत्येकाचा रंग लिहायला ४ बाइट, म्हणजे एक पूर्ण चित्र झालं ८३ लाख बाइटचं, साधारण ८ एमबी. कॉम्प्युटर एक चित्र दाखवताना दुसरं-तिसरं तयार ठेवतो, म्हणून तिप्पट धरा: २५ एमबी. ४के स्क्रीन असेल तर याच्या चौपट, १०० एमबी. वर्ड, एक्सेल, पीडीएफ, मराठी टायपिंग, ब्राउझरचे दहा टॅब, हे सगळं मिळून काहीशे एमबीत निभावतं. २००६ मध्ये मी दिग्रसला दुकान टाकलं तेव्हा ६४ एमबी शेअर मेमरीच्या बोर्डावर सेतू केंद्रं चालत होती.

जीबीचा हिशोब सुरू होतो गेम आणि व्हिडिओपासून. गेममध्ये भिंतीचा रंग, मातीचा पोत, कपड्याची वीण ही सगळी वेगवेगळी चित्रं असतात, त्यांना टेक्श्चर म्हणतात. एक मोठं टेक्श्चर ४०९६ बाय ४०९६ ठिपक्यांचं असेल तर दाबून ठेवलं तरी १६ एमबी खातं. एका दृश्यात अशी शेकडो लागतात, आणि ती कार्डाच्या मेमरीत हाताशी असावी लागतात. व्हिडिओचं काम याहून जड. डाविंची रिझॉल्व्हसारखं सॉफ्टवेअर रंगाचं काम करताना प्रत्येक ठिपक्याला १६ बाइट देतं. ४के च्या एका फ्रेमचे झाले १३ कोटी बाइट, म्हणजे सव्वाशे एमबीच्या वर. वर दुसरा लेयर, त्यावर टायटल, आणि रात्रीच्या वरातीच्या शूटमधले दाणे काढायला नॉइज रिडक्शन लावलं की मागच्या-पुढच्या फ्रेमसुद्धा एकाच वेळी मेमरीत याव्या लागतात. तिथे ४ जीबी पाहता पाहता भरतं, आणि जीपीयू (ग्राफिक्सची चिप) मेमरी भरली असा संदेश येऊन रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढणं, मध्येच थांबतं.

मेमरी पुरली नाही की काय होतं हे एकदा डोळ्यांनी पाहून ठेवण्यासारखं आहे. गेम बंद पडत नाही. कार्ड उरलेली माहिती कॉम्प्युटरच्या रॅममध्ये ठेवतं आणि लागेल तसं मदरबोर्डच्या स्लॉटमधून ओढून आणतं. तो रस्ता अरुंद आहे. पीसीआय एक्सप्रेस ३ च्या पूर्ण स्लॉटमधून सेकंदाला १६ जीबीच्या आसपास जातं, तर आरटीएक्स ४०६० सारख्या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी देते. त्यामुळे गेम छान चालता चालता वळणावर झटका खातो, अर्धा सेकंद थिजतो, पुन्हा चालतो. समोरची भिंत आधी धुरकट दिसते आणि मग साफ होते. मुलगा म्हणेल, “बाबा, हँग मारून राहिला.” अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन फक्त टेक्श्चर एक पायरी खाली आणायचं. बाकी काही हात लावायचा नाही. बहुतेक वेळा तेवढ्यानं झटके जातात, आणि मेमरीच कमी पडत होती हेही कळतं.

याच्या उलट बाजू लोक विसरतात. कामाला ३ जीबी लागत असेल तर ४ जीबीच्या कार्डावर आणि त्याच चिपच्या ८ जीबीच्या कार्डावर काम सारख्याच वेगानं होतं. उरलेले ५ जीबी नुसते पडून राहतात. २०१५ साली शेजारच्या गावातल्या एका व्हिडिओग्राफरनं माझ्याकडे “४ जीबीचंच द्या” म्हणून हट्ट धरला आणि मी त्याला एक हळू मेमरीचं ४ जीबीचं कार्ड विकलं. आठ दिवसांनी तो परत आला. लग्नाची एक तासाची कॅसेट (ते लोक अजूनही कॅसेटच म्हणतात) बाहेर काढायला जेवढा वेळ आधी लागायचा तेवढाच आताही लागत होता. मशीन उघडून बसलो तेव्हा दिसलं, रॅम ४ जीबी होती आणि ती पूर्ण भरून सगळं हार्डडिस्कवर चाललं होतं. कार्ड परत घेतलं, रॅम ८ केली, काम सुधारलं. विकण्याआधीच मी ते पाहायला पाहिजे होतं. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला जीबी विचारण्याआधी काम विचारतो.

तर तुमच्या घरातलं काम.

मुलीचं सोपं आहे. लेक्चर, पीडीएफ, सीईटीच्या सराव परीक्षा, यांना कार्ड नको. तिला चांगला मॉनिटर द्या, डोळे तिचे आहेत.

मुलाचं विचारून घ्या तो नेमकं काय खेळतो. आपल्याकडची बहुतेक पोरं मोबाइलचेच गेम कॉम्प्युटरवर इम्युलेटर टाकून खेळतात. त्याला रॅम आणि प्रोसेसर लागतो, आणि बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन नावाचं सेटिंग सुरू असावं लागतं. ते बंद असल्यामुळे अडकत चालणारी कितीतरी मशीन माझ्याकडे “ग्राफिक कार्ड टाकून द्या” म्हणून आली आणि एक सेटिंग बदलून परत गेली. व्हॅलोरंटला कंपनीनंच किमान १ जीबी ग्राफिक्स मेमरी सांगितली आहे. जीटीए ५ च्या मूळ आवृत्तीला किमान १ आणि शिफारस २ जीबी. आतल्या ग्राफिक्सवर हे दोन्ही सेटिंग खाली ठेवून खेळता येतात. दहावीपर्यंत त्याला एवढं पुरावं असं माझं स्पष्ट मत आहे. नवे मोठे गेम उंच सेटिंगवर खेळायचे असतील तर गोष्ट वेगळी. त्यांना फुल एचडी स्क्रीनवरसुद्धा ८ जीबी धरून चालावं लागतं, २०२३ पासून निघालेल्या काही गेमना ८ सुद्धा टेक्श्चर वर नेल्यावर अपुरे पडतात. पण तो खर्च तुमच्या बजेटच्या बाहेरचा आहे.

गेमकडे जास्त कल असेल तर एक दुसरा रस्ता आहे: एएमडीचा रायझन ५ ५६००जी. त्याच्या आतलं ग्राफिक्स इंटेलच्या यूएचडीपेक्षा बरंच जोरदार आहे. तिथे तर ८-८ च्या दोन स्टिक लावल्याच पाहिजेत. १६ ची एकच लावली तर मेमरीचा वेग अर्ध्यावर येतो आणि गेममध्ये तो लगेच दिसतो. दोन्ही बाबतीत विंडोज रॅमच्या साधारण अर्ध्यापर्यंत ग्राफिक्सला वापरू देतं, म्हणजे १६ जीबी असेल तर गरजेपुरती ८ जीबीपर्यंत. टास्क मॅनेजरमध्ये “डेडिकेटेड १२८ एमबी” दिसलं म्हणून घाबरू नका, तो फक्त राखून ठेवलेला तुकडा आहे. बायोसमध्ये तो २ जीबी करून देणारे “ग्राफिक वाढवून दिलं” म्हणून पैसे घेतात. त्यानं वेग वाढत नाही. फक्त एखादा गेम सुरू होताना आकडा तपासतो, त्याच्यापुरता उपयोग होतो. आणि ८ जीबी रॅमच्या मशीनमधून २ काढून ठेवले तर बाकी सगळं ६ वर येतं.

भावाचं मिक्सिंग हे या घरातलं एकच काम आहे जिथे कार्डाचा प्रश्न खरा आहे. तो फुल एचडीत काम करणार असेल तर ४ जीबी चांगल्या मेमरीचं कार्ड चालून जातं. ४के शूट करून ४के मध्येच द्यायचं असेल तर ८ जीबीच्या खाली जाऊ नका. अडोबीनं प्रीमियर प्रोसाठी बरीच वर्षं एचडीला ४ आणि ४के ला ६ किंवा जास्त असं सांगितलं, त्यात ४के साठी मी दोन जीबी पुढे राहतो, कारण कार्ड पाच वर्षं वापरायचं असतं. इडियस या मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करणार असेल तर कार्डाआधी इंटेलचं आतलं ग्राफिक्स महत्त्वाचं, कारण कॅमेऱ्याची फाइल उलगडायला इडियस त्यातली क्विक सिंक ही सोय वापरतं. म्हणजे एफवाला प्रोसेसर तिथेही आडवा येतो. आज एफ नसलेला घेतलात तर उद्या कार्ड लावल्यावरही तो कामाचाच राहील.

कार्ड घ्यायची वेळ येईल तेव्हा खोक्यावरच्या जीबीआधी बाकीची अक्षरं वाचा. आरटीएक्स ३०५० नावाचं ८ जीबीचं कार्ड आहे आणि ६ जीबीचंही आहे. दोघांत फरक फक्त मेमरीचा नाही: ६ जीबीवाल्याची चिप कमी ताकदीची आणि मेमरीचा रस्ता १२८ बिटऐवजी ९६ बिटचा. मात्र ते ७० वॉटमध्ये चालतं, एसएमपीएसमधून (मशीनला वीज देणाऱ्या डब्यातून) वेगळी वायर सहसा लागत नाही, म्हणून साध्या मशीनमध्ये बसतं. जीटी १०३० चं तर जीडीडीआर५ चं आणि डीडीआर४ चं, अशी दोन कार्डं एकाच नावानं विकली गेली. दोन्ही २ जीबी, पण एकाचा वेग सेकंदाला ४८ जीबी आणि दुसऱ्याचा १७ च्याही खाली.

जुनं कार्ड घेताना फारच जपा. गेल्या वर्षी एक पोरगा मोठ्या शहरातल्या बाजारातून “१०५० टीआय, ४ जीबी” आणून माझ्यापुढे ठेवून गेला. म्हणे, “काका, गेम सुरू होते अन् पाच मिनटात बंद पडते, काहून होत असन?” हातात घेतलं तर मागे जुनं निळं व्हीजीए पोर्ट. त्या पिढीच्या चिपमध्ये व्हीजीएचा सिग्नलच निघत नाही, म्हणून तिथेच शंका आली. मशीनला लावून जीपीयू-झेड हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं, त्यानं कार्डाच्या नावाआधी कंसात ‘फेक’ लिहून दाखवलं. जुनी चिप, खरी मेमरी १ जीबी, आणि आतला प्रोग्राम बदलून वर ४ चा आकडा. गेमनं पहिला जीबी भरून पुढे पाऊल टाकलं की कार्ड कोसळत होतं. पोराचे पैसे गेले ते गेले. जुनं घ्यायचंच असेल तर आपल्यासमोर मशीनला लावून, जीपीयू-झेड पाहून, अर्धा तास गेम चालवूनच घ्या.

आपल्या भागात कार्डाचा खर्च कार्डावर संपत नाही. रब्बीत ओलिताच्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज उतरतं, लाइन जाते-येते. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, तेही काही मिनिटं. बिनकार्डाचं मशीन आणि मॉनिटर मिळून रोजच्या कामात १०० वॉटच्या आसपास घेतात, म्हणून ते आरामात सांभाळलं जातं. १७० वॉटचं कार्ड पूर्ण भारावर असताना लाइन गेली तर तोच यूपीएस चीं करून बसतो. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर तर असं कार्ड लावूच नका. आणि उन्हाळ्यात खोली ३० अंशांची असताना ७० वर चालणारं कार्ड, खोली ४२ झाली की ८० च्या पलीकडे जातं. बरीच कार्डं ८३ च्या आसपास स्वतःहून वेग कमी करतात. म्हणजे मेमरी कितीही घेतली तरी मे महिन्यात दुपारी ती कामाची राहत नाही.

एक विनंती मनापासून करतो. भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवला असेल तर कॉम्प्युटर त्या खोलीत ठेवू नका. मागच्या मार्चमध्ये एका घरचं मशीन उघडलं, कार्डाचा पंखा फिरत होता पण हवा येत नव्हती. पंखा काढला तर खाली ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांवर रुईचा सलग थर बसला होता, देवाच्या वातीसाठी पिंजून ठेवल्यासारखा. नखानं एक कोपरा उचलला आणि अख्खा थर एका तुकड्यात निघून आला, त्याच्या खालच्या बाजूला पापुद्र्यांच्या रेघा उमटलेल्या. एका हंगामाचा कापूस होता तो. कार्ड वाचलं, पण त्याच्या मालकानं तोवर मेमरी कमी पडते म्हणून दुसरं कार्ड घ्यायची तयारी केली होती. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर हवेनं तो उलटा भिरभिरून बेअरिंग जातं.

तर दुकानात परत जा आणि कोटेशन असं बदलून मागा: आयथ्री-१२१००, नावात एफ नको. रॅम ८-८ च्या दोन स्टिक, दोन्ही स्लॉटमध्ये. एसएसडी जमली तर ५१२. कार्ड नाही. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॉटचा, म्हणजे पुढे भावाचं कार्ड त्याच मशीनमध्ये बसेल. बिलावर प्रत्येक वस्तूचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या, “४ जीबी ग्राफिक” असं मोघम लिहू देऊ नका.

आणि भावाला सांगा, सध्या जिथे मिक्सिंग करून घेतो त्या लॅबमध्ये स्वतःचंच एखादं लग्न टाइमलाइनवर लावायचं, रेंडर सुरू करायचं, आणि टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समधल्या जीपीयूच्या पानावर “डेडिकेटेड जीपीयू मेमरी” आणि “शेअर्ड जीपीयू मेमरी” हे दोन आकडे मोबाइलमध्ये टिपून आणायचे. नुसतं डेडिकेटेड भरलेलं दिसलं तर त्यावरून काही ठरत नाही, सॉफ्टवेअर मोकळी जागा दिसली की घेऊन ठेवतं. ते भरून शेअर्डचा आकडा चढत गेला आणि काम अडकायला लागलं, तर त्या कामाला तेवढी मेमरी कमी पडली. ते दोन आकडे आणि त्या लॅबमधल्या कार्डाचं नाव मला कळवा, मग त्याच्यासाठी किती जीबीचं घ्यायचं ते ठरवू.